कंपनीचा फ्रीज आणि एम्बाप्पेचा फ्लेक्स

फुटबॉलवर सगळ्यात जास्त बोलणं होतं ते फुटबॉल बंद असताना. मे संपता संपता युरोपातल्या लीग आटोपतात, ऑगस्टचा मध्य येईपर्यंत पुन्हा काही नसतं, आणि नेमक्या याच दिवसांत सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या टपरीवर आवाज चढलेले असतात. हंगामात माणसं मॅच एकेकटी बघतात. रात्री साडेबारा नाहीतर दीडला सुरू होणारी मॅच, घरच्यांची झोपमोड नको म्हणून मुका केलेला टीव्ही, गोल झाला तर उशीत तोंड खुपसून ओरडायचं. दुसऱ्या दिवशी डोळे लाल, अंगात त्राण नाही, बोलणार कोण? मृगाचा पाऊस झाला की मात्र सगळ्यांची झोप पुरी झालेली असते आणि विषय एकच उरतो: कोण कुठल्या क्लबात चाललाय.

टपरी मामांची. मामा कुणाचे सख्खे मामा नाहीत, म्हणून सगळ्यांचे. पत्र्याचं शेड, दोन बाकडी, एका बाजूला चहाचा स्टो आणि दुसऱ्या बाजूला काचेच्या दाराचा, आत दिवा असलेला, उंचापुरा फ्रीज. शेजारचा गाळा माझा. फ्लेक्स छापतो. वाढदिवस, निवड, नियुक्ती, भावपूर्ण श्रद्धांजली, सगळं एकाच मशीनवर. मशीन चालू केलं की तासभर नुसतं बघत बसायचं असतं, म्हणून माझा निम्मा दिवस मामांच्या बाकड्यावर जातो. तिथं येणाऱ्यांत बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत, कोपऱ्यावरचा मेडिकलवाला आहे, शाळेतले पीटीचे सर आहेत, आणि आयटीआयची चार-पाच पोरं, ज्यांना सगळं आधीच माहीत असतं.

पोरांनी मोबाइल पुढं करायचा आणि काकांनी चष्मा वर करून विचारायचं, "हे कोण म्हणतंय?" सगळा खेळ ह्या प्रश्नावर चालतो. बातमी काय आहे ह्यापेक्षा कुणाच्या तोंडची आहे ते आधी. खेळाडूंच्या सौद्यांच्या बातम्या देणारा इटलीचा पत्रकार फाब्रिझिओ रोमानो 'हिअर वी गो' म्हणाला तर विषय संपला, बिल कुणी द्यायचं तेवढं ठरवायचं. माद्रिदच्या पेपरात माद्रिदच्या फायद्याची बातमी असेल तर निम्मी धरायची. इंग्लंडातल्या टॅब्लॉइडमध्ये असेल तर ऐकून सोडून द्यायची. आणि 'एजंटच्या जवळचे सूत्र' असं आलं, की सर हमखास म्हणतात, "पगार वाढवून घ्यायचाय गड्याला, दुसरं काय."

बाहेरच्या माणसाला ह्याचं नवल वाटतं. सांगलीकराला वाटायला नको. दर पावसाळ्यात आम्ही हेच करतो. कोयनेतून किती क्युसेक सोडलं, अलमट्टीनं दारं उघडली का, आयर्विन पुलाला किती फूट झालं. चाळीस फुटांना इशारा आणि पंचेचाळीसला धोका हे आकडे आमच्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा मोबाइलवर येणाऱ्या प्रत्येक मेसेजची आम्ही अशीच चिरफाड करत होतो. पाटबंधारे खात्याचा आकडा, कलेक्टर ऑफिसचा आकडा, आणि कुणाच्या तरी कोयनानगरच्या मेहुण्यानं फोनवर सांगितलेला आकडा. मेहुण्यावर विसंबून वरच्या मजल्यावर सामान हलवलेली माणसं मला माहीत आहेत, आणि मेहुण्याला खोटं ठरवून खाली राहिलेलीही. अफवेची प्रत लावायचं हे शिक्षण आम्हाला कृष्णामाईनं दिलंय. एखादा विंगर लिव्हरपूलला चाललाय की चेल्सीला, हे तिच्यापुढं फारच सोपं.

शिवाय फुटबॉलच्या अफवेत बुडायला होत नाही. उलट खोटी निघाली की जास्त मजा. ऑगस्ट 2021 चं उदाहरण घ्या. ख्रिस्तियानो रोनाल्डो युव्हेंटस सोडणार हे पक्कं झालं होतं आणि सगळ्या बातम्या म्हणत होत्या की तो मँचेस्टर सिटीत चाललाय. मेडिकलवाला म्हणजे सिटीच्या गावातल्याच वैऱ्याचा, मँचेस्टर युनायटेडचा, कडवा माणूस. त्यानं दुकानातलं रोनाल्डोचं पोस्टर काढून गुंडाळून ठेवलं. फाडलं नाही, गुंडाळलं, हे मी मुद्दाम सांगतो. 27 तारखेला एका दुपारीत वारं फिरलं आणि आपल्याकडं रात्री युनायटेडनं जाहीर केलं की तो आपल्या जुन्या घरी येतोय. मेडिकलवाल्यानं शटर अर्धं ओढून सगळ्यांना पेढे वाटले. पुढं वर्ष-सव्वा वर्षात तो मुलाखत देऊन, क्लबाला नावं ठेवून बाहेर पडला, ते पेढे आम्ही आजही त्याला काढून दाखवतो.

काकांची आवडती गोष्ट मात्र फॅक्सची. 31 ऑगस्ट 2015. युनायटेडचा गोलकीपर दाविद दे हेआ रेआल माद्रिदला आणि तिकडचा केलोर नवास इकडं, असं सगळं ठरलं होतं. स्पेनचा खेळाडू घ्यायचा-द्यायचा बाजार मध्यरात्री बंद होणार, म्हणजे आपल्याकडं पहाटे साडेतीन. कागद वेळेत पोचले नाहीत आणि व्यवहार मोडला. दोन्ही क्लबांनी पत्रकं काढून एकमेकांवर ढकललं. काका आयुष्यभर बँकेत. त्यांना ह्यात अजिबात आश्चर्य वाटत नाही. त्यांच्या मते जगातला कुठलाही व्यवहार शेवटी एका टेबलापाशी अडतो, जिथला माणूस जेवायला गेलेला असतो. "कोट्यवधीचा क्लब आणि कागद पाठवायला शेवटच्या अर्ध्या तासात सुचलं व्हय?" हे ते दर 31 ऑगस्टला म्हणतात.

मामांना ओडेम्विंगीची कीव येते. पीटर ओडेम्विंगी इंग्लंडातल्या वेस्ट ब्रॉम क्लबचा खेळाडू. जानेवारी 2013 च्या शेवटच्या दिवशी आपला सौदा होणार असं धरून तो स्वतःच गाडी काढून लंडनला क्वीन्स पार्क रेंजर्सच्या मैदानापाशी जाऊन थांबला. क्लबांचं आपापसात जमलंच नव्हतं. आत घेईनात. टीव्हीवाले बाहेर, हा गाडीत. शेवटी परत फिरला आणि ज्यांना सोडून निघाला होता त्यांच्याच ड्रेसिंग रूममध्ये जाऊन बसला. मामांनी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा चहा गाळता गाळता थांबून विचारलं होतं, "मग घरी बायकोला काय सांगितलं असंल?" ह्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही वार्ताहरानं दिलेलं नाही.

आता माझ्या गाळ्यातली गोष्ट सांगतो. मे 2022. आयटीआयच्या पोरांतला एक, कडवा माद्रिदवाला, माझ्याकडं सहा बाय चारचा फ्लेक्स सांगायला आला. किलियन एम्बाप्पे पॅरिस सोडून माद्रिदला येणार, कराराची मुदत संपतेय, फुकट येणार, रोज बातम्या. मजकूर त्यानं वहीत लिहून आणला होता. वर 'आला रे आला', मध्ये पांढऱ्या जर्सीत एम्बाप्पे, तो फोटो कुठून तरी जोडजाड केलेला, आणि खाली गोल चौकटींत सात जणांचे फोटो, शुभेच्छुक म्हणून. त्यातला एक गॉगल लावून बुलेटवर बसलेला. मी म्हटलं, बाबा, अजून जाहीर झालेलं नाही. तो म्हणाला, "दादा, तुम्ही छापून ठेवा. रात्री जाहीर झालं की सकाळी चौकात लागला पाहिजे. दुसऱ्या कुणाचा आधी लागला तर काय राहिलं?" हे मात्र खरं. आमच्या धंद्याचं हेच मर्म आहे. निवडणुकीचा निकाल लागायच्या आधी दोन्ही उमेदवारांच्या अभिनंदनाचं डिझाइन माझ्या कॉम्प्युटरवर तयार असतं.

21 मेच्या रात्री एम्बाप्पे पॅरिसच्या मैदानावर आला आणि 2025 आकडा लिहिलेली पॅरिसची जर्सी हातात धरून उभा राहिला. करार वाढवला होता. सकाळी पोरगं आलं. माझ्याकडं न बघता फ्लेक्सकडं बघत म्हणालं, "ह्यातला चेहरा बदलता येईल का?" छापलेल्या फ्लेक्सचा चेहरा बदलत नाही. पैसे त्यानं दिले, एक रुपया कमी केला नाही, आणि फ्लेक्स तासगावकडं त्याच्या चुलत्यांच्या बेदाणा शेडवर गेला. पावसाच्या अंगाला बांधायला सहा बाय चारचा तुकडा बरा पडतो. दोन वर्षं एम्बाप्पे आणि सात शुभेच्छुक तिथं बेदाणा राखत होते.

जून 2024 मध्ये तो खरंच माद्रिदला गेला. पोरगं तोवर चाकणला नोकरीला लागलेलं. फोन करून म्हणालं, "दादा, फाइल आहे ना?" फाइल होती. मी 'अखेर' एवढा एक शब्द वर घालून परत छापला आणि चौकात लावला. आणि गंमत अशी की एम्बाप्पेच्या तिथल्या पहिल्याच हंगामात, 31 मे 2025 ला, पॅरिसनं त्याच्याशिवाय चॅम्पियन्स लीग जिंकली, इंटर मिलानला 5-0 असं धुऊन. बार्सिलोनावाल्या पोरांनी, म्हणजे माद्रिदच्या पक्क्या वैऱ्यांनी, ज्यांचा पॅरिसशी काडीचा संबंध नाही, त्या दिवशी माझ्याकडून अभिनंदनाचा फ्लेक्स करून घेतला आणि मुद्दाम एम्बाप्पेच्या शेजारी बांधला. शुभेच्छुकांत मामांचाही फोटो घातला होता, त्यांना न विचारता.

इथं सगळे आपापल्या क्लबाचे कसे झाले, हे एकदा मी बसून जुळवलं. कुठला क्लब म्हटलं की माणसाचं दहावीचं साल अंदाजानं सांगता येतं. मेडिकलवाला युनायटेडचा, म्हणजे 1999. त्या मेमध्ये बायर्न म्युनिकविरुद्ध नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाईच्या दोन-तीन मिनिटांत शेरिंगहॅम आणि सोल्शायरनं दोन गोल मारले, आपल्याकडं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि केबलवाल्यानं नशिबानं ते चॅनेल चालू ठेवलं होतं. सर आर्सेनलचे, 2003-04 च्या न हरलेल्या हंगामातले. त्यांच्यानंतरचा एक जण 2005 च्या इस्तंबूलमधल्या फायनलमुळं लिव्हरपूलचा. मग मेस्सीच्या बार्सिलोनाची मोठी पिढी, आणि आता सिटीवाली पोरं, ज्यांना सिटी कधी खालच्या डिव्हिजनमध्ये खेळत होती हे सांगितलं तर राग येतो. काका ह्या सगळ्यांच्या आधीचे. त्यांनी 1986 चा वर्ल्ड कप दूरदर्शनवर बघितला. ते मॅराडोनाचे आणि म्हणून अर्जेंटिनाचे. क्लब वगैरे त्यांच्या मते पोरखेळ.

म्हणजे कुणीही काही निवडलेलं नाही. ज्या वर्षी ज्याच्या घरापर्यंत जी वायर आली, त्या वायरीतून जो संघ जिंकताना दिसला, तो त्याचा झाला. मँचेस्टर कुठं आहे हे नकाशावर दाखव म्हटलं तर मेडिकलवाला आजही बोट इंग्लंडभर फिरवेल. पण म्हणून त्याचं प्रेम खोटं आहे असं मला वाटत नाही. आई-बापही कुठं निवडलेले असतात?

मला हे सुचलं ते मामांच्या फ्रीजमुळं. बाहेरच्यांना वाटतं, दुकानदार आपल्या पसंतीच्या बाटल्या ठेवतो. तसं नसतं. काचेच्या दाराचा तो फ्रीज कंपनीचा असतो. पैसे न घेता देतात, दारावर, कपाळावर, बाजूला कंपनीचं नाव, आणि अट एकच, आत दुसऱ्याचा माल दिसता कामा नये. आठवड्याला एक सेल्समन येतो, दार उघडतो, बाटल्यांची तोंडं सरळ करतो आणि मोबाइलवर फोटो काढून साहेबाला पाठवतो. तो गल्लीत शिरला की मामांचा हात आपोआप खाली जातो. वरच्या फळीवरचं ताक आणि एखादी दुसऱ्या घरची बाटली काउंटरखालच्या थर्माकोलच्या खोक्यात जाते. फोटो झाला, सेल्समन चहा पिऊन गेला, की ताक परत वर. कुठली कंपनी ते सांगत नाही, मामांचं नुकसान व्हायचं. पण गेली कित्येक वर्षं आमची टपरी एका रंगाची आहे आणि रस्त्यापलीकडची दुसऱ्या रंगाची. त्यामुळं आमच्या बाकड्यावरची माणसं एका कोलाची झाली आणि पलीकडची दुसऱ्या. पलीकडचे कोला पीत नाहीत, साखरेचं पाणी पितात, असं आमच्यात मानतात. पलीकडे आमच्याबद्दल काय मानतात ते इथं लिहिण्यासारखं नाही.

एकदा सरांनी प्रयोग केला. कागदी कपात दोन्ही ओतून पोरांना डोळे मिटायला लावले. फार कुणाला ओळखता आलं नाही. पण निष्कर्ष असा निघाला की कागदी कपात चव मरते.

बाटल्यांच्या बाजारात जे सौदे झाले त्यांच्यापुढं एम्बाप्पे काहीच नाही. 1977 साली जनता सरकार आलं, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री झाले, परकी भांडवल चाळीस टक्क्यांवर आणा असा कायद्याचा आग्रह होता, आणि कोका-कोलानं गाशा गुंडाळला. सरकारनं 'डबल सेव्हन' नावाचं स्वतःचं पेय काढून बघितलं, ते चाललं नाही. कॅम्पा कोला आला, पार्लेचा थम्स अप आला. काका ह्या काळातले. लग्नात गोल्ड स्पॉट मिळाला की नाही ह्यावर वऱ्हाडाची इभ्रत ठरायची, असं ते सांगतात. 1990 ला पेप्सी आली, आपल्याकडं 'लेहर पेप्सी' नावानं. 1993 ला कोका-कोला परतला आणि आल्या आल्या त्यानं पार्लेकडून थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, माझा, सगळी टीमच विकत घेतली. ज्याच्या गैरहजेरीत थम्स अप मोठा झाला त्याच्याच दावणीला तो बांधला गेला. पुढं कोक थम्स अपला हळूहळू मारणार अशी चर्चा होती. झालं उलटं. थम्स अपचे लोक हललेच नाहीत आणि मालकालाच त्यांचं ऐकावं लागलं. गोल्ड स्पॉट मात्र गेला. त्याला असे भांडणारे लोक मिळाले नाहीत.

आणि तरी आजही आमच्या बाकड्यावर 'कोक म्हणजे गोडगुळचट, थम्स अप म्हणजे कसं, घशात जाळ' असं भांडण रंगतं. दोन्ही एकाच घरचे आहेत हे भांडणाऱ्या दोघांनाही ठाऊक असतं. मी एकदा म्हणून बघितलं. मेडिकलवाला शांतपणे म्हणाला, "दोघं भाऊ एका घरात राहतात म्हणून काय झालं?" ह्यावर जुन्या सांगलीत कुणाकडं उत्तर असेल असं वाटत नाही.

पेप्सी आणि कोकचं आपल्याकडचं खरं युद्ध क्रिकेटमध्ये झालं. 1996 च्या वर्ल्ड कपचं अधिकृत पेय कोक होतं, आणि पेप्सीनं 'नथिंग ऑफिशियल अबाउट इट' म्हणत सगळी हवा काढून घेतली. फुटबॉलमध्ये ते शांतपणे वाटणी करून बसलेत. फिफाच्या वर्ल्ड कपशी कोका-कोलाचं अधिकृत नातं 1978 पासूनचं, आणि चॅम्पियन्स लीगमध्ये 2015 पासून पेप्सी. त्यामुळं आमच्या टपरीवर दर चार वर्षांनी महिनाभर लोकांची निष्ठा आणि फ्रीजचा रंग ह्यांचा मेळ तपासला जातो.

पण बाटली आणि फुटबॉल ह्यांची अस्सल गाठ पडली ती 14 जून 2021 ला, बुडापेस्टमध्ये. युरो स्पर्धेत पोर्तुगालची हंगेरीशी मॅच दुसऱ्या दिवशी. रोनाल्डो पत्रकार परिषदेला येऊन बसला, समोर कोकच्या दोन बाटल्या मांडलेल्या. त्यानं त्या उचलून बाजूला सरकवल्या, पाण्याची बाटली वर धरली आणि म्हणाला, 'आग्वा', म्हणजे पाणी. बघता बघता जगभर बातमी: रोनाल्डोनं दोन बाटल्या हलवल्या आणि कोका-कोलाचं बाजारमूल्य चार अब्ज डॉलरनं कोसळलं. लॉकडाउन नुकतं सैल झालं होतं, मास्क हनुवटीवर घेऊन सगळे टपरीवर. मेडिकलवाला तर हवेत. "एक शब्द बोलला आणि चार अब्ज! आमच्या गड्याची ताकद बघा."

काका त्या दिवशी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी छापील कागद घेऊन आले. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाचा सूड असा कागदावर येतो. त्यांनी दाखवलं की त्या दिवशी तो शेअर लाभांश वजा होऊन उघडला होता. लाभांशाची तारीख उलटली की भाव तेवढा खाली येतोच, त्याला रोनाल्डो लागत नाही. आणि घसरण त्यानं बाटली हलवायच्या आधीच सुरू झाली होती. मेडिकलवाला म्हणाला, "काका, तुम्ही पण ना, चांगल्या गोष्टीला खडा लावता." सर म्हणाले, "आकडा खरा, कारण खोटं." मला वाटतं बाजारातल्या बहुतेक बातम्यांचं असंच असतं. खेळाडू खरा, क्लब खरा, विमानतळावरचा फोटोसुद्धा खरा. जोडणी तेवढी आपली. त्याच स्पर्धेत पुढं पोग्बानं बिअरची बाटली हलवली, आणि रशियाच्या कोचनं मात्र समोरच्या कोकच्या बाटल्या एकमेकीवर टेकवून झाकण उडवलं आणि घोट घेतला. मामांना हा कोच पटला. "बाटली फोडायची रीत आपलीच हाय की," म्हणाले.

जवळच्या गावचं सांगायचं तर बाजू बदलण्याची खरी धग कोल्हापुरात. सांगलीपासून पन्नासेक किलोमीटर, पण फुटबॉलच्या बाबतीत दुसरा देश. शिवाजी तरुण मंडळ, पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब. शाहू स्टेडियमवर ह्यांची मॅच असली की अर्धं शहर तिकडं. हंगामाआधी खेळाडूंची नोंदणी असते आणि पाटाकडीलचा पोरगा शिवाजीकडं चालला अशी कुणकुण लागली की गल्ल्या तापतात. आमचं काय, एम्बाप्पेनं बाजू बदलली तर त्याला जाब विचारायला आम्ही जाणार नाही. तिथला खेळाडू दुसऱ्या दिवशी त्याच पेठेतून दूध आणायला जातो. लुईस फिगो 2000 साली बार्सिलोनातून थेट रेआल माद्रिदला गेला आणि 2002 ला परत त्या मैदानात कॉर्नर घ्यायला उभा राहिला तेव्हा प्रेक्षकांतून बाटल्या आणि डुकराचं मुंडकं त्याच्या अंगावर आलं, हे आम्ही इथं तोंड वासून वाचतो. कोल्हापूरचा एक जुना खेळाडू एकदा फ्लेक्सच्या कामाला आला होता. त्याला फिगोचं सांगितलं तर तो म्हणाला, "फिगोला मॅच संपल्यावर गाडी होती ना?" आणि पुढं डिझाइनकडं वळला.

2025 साली बाजार बंद व्हायचा दिवस गणपतीत आला, 1 सप्टेंबर, गौरी जेवणाचा दिवस. इंग्लंडनं या वेळी वेळ अलीकडं आणली होती, तिथले संध्याकाळचे सात, आपले रात्रीचे साडेअकरा. पुरणपोळी खाऊन सुस्तावलेली सगळी मंडळी मंडपामागं पत्त्यांच्या डावात आणि मधे एक मोबाइल उभा करून ठेवलेला. अलेक्झांडर इसाक न्यूकॅसलमधून लिव्हरपूलला, साडेबारा कोटी पौंडांना, ब्रिटनमधला तोवरचा सगळ्यात महाग सौदा. लिव्हरपूलवाल्यानं आरतीच्या वेळी घंटा जरा जास्तच जोरात वाजवली. मार्क गेहीचंही तिकडंच ठरलं होतं म्हणेस्तोवर त्याच्या क्रिस्टल पॅलेस क्लबनं हात आखडता घेतला आणि ते फिसकटलं. काकांनी लगेच, "कागद!"

सध्या मात्र आमच्यात मेस्सी-रोनाल्डोपेक्षा मोठी अफवा फिरतेय. रिलायन्सनं 2022 ला कॅम्पा विकत घेतला आणि पुढच्या वर्षी दहा रुपयांच्या बाटलीत परत आणला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. काकांनी पहिली बाटली उघडली तेव्हा वास घेऊन म्हणाले होते, "तीच आहे." मग घोट घेऊन, "नाही, ती नाही." पोरांना जुनी-नवी चव कळायचं कारणच नाही, त्यांना दहा रुपये कळतात. तर अफवा अशी की मामांना नव्या फ्रीजची बोलणी आली आहेत. जुन्यापेक्षा मोठा, वर आणखी काही सवलत, आणि जुना फ्रीज परत पाठवायचा. म्हणजे इतक्या वर्षांची टपरी रंग बदलणार.

बाकड्यावर दोन तट पडले. मेडिकलवाल्याचं सूत्र मामांचा धाकटा मुलगा, तो म्हणतो ठरलंय. पोरांचं सूत्र पलीकडच्या टपरीवरचा सेल्समन, तो म्हणतो मामा नुसता भाव वाढवून घेतायत. सर मुलाला साठ टक्के आणि सेल्समनला तीस टक्के धरतात, उरलेले दहा कशाचे ते सांगत नाहीत. बार्सिलोनावाल्या पोरानं तर मामांचा एक फोटो फिरवलाय, नव्या रंगाच्या टी-शर्टातला. चेहरा मामांचा, धड कुणा दुसऱ्याचं. ती जोडणी माझ्याच गाळ्यात झाली, हे मामांना कळलेलं नाही.

परवा न राहवून काकांनी सरळच विचारलं, "मामा, एकदा सांगून टाका, फ्रीज कुणाचा ठेवणार?"

मामा कप विसळत म्हणाले, "फ्रीज कुणाचा का असंना, लाइटबिल कोण भरतंय? ते इचारा की त्यास्नी. पाच वर्षं झाली, मीच भरतोय."

"म्हणजे बोलणी चालू आहेत?" मेडिकलवाला पुढं सरकला. "हिअर वी गो टाकू का ग्रुपवर?"

"टाक की," मामा म्हणाले. "त्याच्या आधी मागच्या महिन्याची उधारी टाक हितं."